अवरक्त माहिती-प्रेषण

हस्तधारी उपकरण व संगणक यांच्यात अवरक्त किरणांच्या (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य किरणांच्या) साहाय्याने तारेविना माहितीची देवघेव करण्याची पद्धती. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे परस्परांशी जोडता यावीत म्हणून १९९३ मध्ये इन्फ्रारेड डेटा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली व १९९४ मध्ये तिची पहिली मानके प्रसिद्ध झाली.

प्रेषकातील प्रकाश-उत्सर्जक डायोड सु. ८५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचे स्पंद सोडतो. मूळ मानकानुसार ‘०’ साठी स्पंद असतो, ‘१’ साठी नसतो. स्पंद सामान्यतः एका बिटाच्या कालावधीच्या ३/१६ भागच टिकतो. त्यामुळे विद्युत् घटाची बचत होते. ग्राहीतील प्रकाश-डायोड स्पंदांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करतो. प्रेषण चालू असता स्वतःच्याच प्रकाशाने ग्राही दिपतो. म्हणून दोन्ही बाजूंना आळीपाळीने प्रेषण करावे लागते. संपर्काचा आरंभ सेकंदाला ९,६०० बिट वेगाने होऊन नंतर दोन्ही उपकरणांना झेपेल असा वेग ठरविला जातो. मूळ मानकातील कमाल वेग १,१५,२०० बिट होता. १९९५ मध्ये तो ४० लक्ष बिटांपर्यंत वाढविण्यात आला.

परास सु. १ मी. व किरणशंकूचा अर्धकोन किमान १५° असल्याने उपकरणे जवळ व समोरासमोर धरावी लागतात. हे किरण भिंतीपार जात नसल्याने चोरून ऐकण्यास वाव कमी असतो. मात्र मूळ मानकाच्या पायाभूत स्तरांत माहितीच्या कूटलेखनाची तरतूद नाही. त्यामुळे ही सुरक्षितता केवळ अंतर व दिशा यांवर अवलंबून असते. १९९९ मध्ये ब्लूटूथ या रेडिओ पद्धतीचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. तीत समोरासमोर धरण्याची अट नसल्याने पुढील दशकात हस्तधारी उपकरणांतील अवरक्त पद्धती मागे पडली.