म्हाताऱ्या मांजराचं आजारपण : उपचार किती आणि कुठपर्यंत?



तिसरीच्या परिसर अभ्यासात पाळीव प्राण्यांचा भाग शिकवताना एका मुलाने विचारलं, "बाई, मांजर म्हातारं झालं आणि लई आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायचं का घरीच ठेवायचं?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण आमच्याच घरात तेव्हा हा प्रश्न चालू होता. आमची ठकी पंधरा वर्षांची. मांजराची पंधरा वर्षं म्हणजे माणसाची साधारण पंचाहत्तरी.

सुरुवात पाण्यापासून झाली. ठकी सारखी पाण्याच्या भांड्यापाशी दिसायची. उन्हाळा आहे, पीत असेल, असं आम्हाला वाटलं. मग तिची लघवी वाढली, तोंडाला वास यायला लागला, अंगावरचे केस राठ झाले. वजन केलं तर ४.२ किलोची मांजर २.९ किलोवर आलेली. हेच गणित माणसाला लावून पाहा. ६० किलोचा माणूस साडेएक्केचाळीस किलोचा झाला तर आपण थांबू का? मांजराच्या बाबतीत मात्र 'वय झालं' म्हणून आपण सोडून देतो. पण म्हातारपण हा आजार नाही. म्हाताऱ्या मांजराचं वजन थायरॉइडमुळे किंवा मधुमेहामुळेही उतरतं आणि त्यावर औषधं आहेत. म्हणून आधी तपासणी, निर्णय नंतर.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "रक्त तपासायला साताऱ्याला न्या." तिथे निदान झालं : किडनीचा जुना आजार. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा फार आढळतो. किडनीचं दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेर फारसं काही दिसतच नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं तोवर साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. पाणी जास्त पिण्याचं कारणही हेच आहे. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी निघून जातं आणि ते भरून काढायला मांजर पीत राहतं.

क्रिएटिनिनवरून या आजाराचे चार टप्पे करतात. १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि ५ च्या वर चौथा. ठकीचं आलं ६.८. आकडा ऐकून मी तिथेच रडले. डॉक्टर म्हणाले, "आज या आकड्यावर काही ठरवू नका. ती सुकली आहे. शरीरात पाणी कमी असलं की आकडा फुगतो. आधी पाणी भरू, मग खरा टप्पा कळेल." हे वाक्य प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं. किडनी अचानक बिघडली असेल, म्हणजे विषारी काही खाल्लं किंवा लघवी अडली, तर तातडीच्या उपचाराने मांजर पुष्कळदा सावरतं. जुन्या आजारात गेलेली किडनी परत येत नाही. पण जुन्या आजारावर नवं दुखणं चढलेलं असेल तर तेवढं उतरवता येतं.

मग आम्ही उपचाराला मुदत घातली. तीन दिवस सलाईन, चौथ्या दिवशी पुन्हा रक्त. फरक पडला नाही तर पुढे ओढायचं नाही. (याआधी एका ठिकाणी "दहा दिवस ॲडमिट करा" एवढंच सांगितलं होतं. दहा दिवसांनी काय होईल, हे विचारल्यावर उत्तर नव्हतं. असा प्रश्न विचारायला लाजू नका.) चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ४.१ आलं. ठकी तिसऱ्या टप्प्यात होती आणि तिने स्वतःहून खाल्लं.

पुढचे सात महिने घरीच. डॉक्टरांनी मला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची, साधारण १०० मिली सोडायचं. पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, तो काही तासांत जिरतो. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता, ठकी मात्र खिडकीबाहेर बघत बसली. पण हे पाहून कुणी आपल्या मनाने सुरू करू नये. मांजराला हृदयाचा त्रास असेल तर जादा पाणी घातक ठरतं. खाण्यात फॉस्फरस कमी हवा, म्हणून किडनीचं वेगळं खाद्य. ते महाग असतं. सासूबाईंनी प्रेमाने दिलेली खारी सुकट बंद केली, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. आणखी एक. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. ती पचवण्याची सोय मांजराच्या यकृतात नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते.

खरा अवघड भाग म्हणजे कधी थांबायचं. मांजर कण्हत नाही, दुखणं लपवतं. कोपऱ्यात आखडून बसणं, अंग न चाटणं, कपाटाखाली जाणं, हीच त्याची भाषा. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना ० ते १० गुण. स्थिती जितकी चांगली तितके गुण जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. मी शिक्षिका, मला गुण देणं सोपं वाटलं. पण घरात तिघांचे गुण तीन प्रकारचे यायचे आणि माझे सगळ्यात जास्त. मग लेकीने सोपा मार्ग काढला. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिक, वाईट दिवसाला फुली. ती तिसरीत आहे, तिच्या फुल्या माझ्यापेक्षा खऱ्या होत्या.

आठव्या महिन्यात एका आठवड्यात पाच फुल्या झाल्या. ठकीने खाणं सोडलं, सलाईनचाही उपयोग होईना. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ द्यावं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं!" मी वाद घातला नाही. त्या रात्री त्याच ठकीजवळ बसल्या. पहाटे मला उठवून म्हणाल्या, "बोलाव डॉक्टरांना. तिला पाणीसुद्धा गिळवत नाही. पाप लागलं तर मला लागू दे."

लेकीला काय सांगायचं, हा प्रश्न उरला. 'झोपवणार आहोत' असं आम्ही म्हटलं नाही. मुलं शब्दाला धरून असतात, मग रात्री झोपायलाच घाबरतात. मेलेलं परत येत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात उमगू लागतं, म्हणून त्याहून लहान मुलं पुन्हा पुन्हा विचारतात. आपण दर वेळी तेच उत्तर द्यायचं. मी सांगितलं, "ठकीची किडनी बंद पडली आहे, ती बरी होणार नाही. डॉक्टर औषध देतील, मग तिचं हृदय थांबेल, तिला दुखणार नाही." तिने विचारलं, "मी फुल्या मारल्या म्हणून का?" हा प्रश्न माझ्या ध्यानीमनी नव्हता. तिला जवळ घेऊन सांगितलं की फुल्यांनी आजार आला नाही, फुल्यांमुळे आम्हाला ठकीचं दुखणं कळलं. तुमच्या घरात मूल असा प्रश्न विचारणार नाही, पण मनात ठेवेल. म्हणून न विचारताही सांगा.

डॉक्टर घरी आले. पाच-सात मिनिटांत सगळं झालं. परसात तीन फूट खोल खड्डा घेतला. खोल यासाठी की त्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांना विषबाधा होते. उरलेल्या सलाईनच्या चार बाटल्या डॉक्टरांना परत दिल्या. त्यांच्याकडे दुसऱ्या गावचं एक मांजर याच आजाराने यायचं.