लांडगा येईपर्यंत

शिरसुफळ-कडबनवाडीच्या माळांवर डॉक्युमेंटरी चाललीय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "लांडगा मिळाला का?" पैसे देऊ म्हणणारा हेच विचारतो, महोत्सवाच्या निवड समितीतला ओळखीचा माणूस हेच विचारतो आणि बारामतीत पंक्चर काढून देणाराही हेच. लांडगा मिळतो हो. तांबडं फुटायच्या आत जागा धरून बसलं, वारा त्याच्याकडून आपल्याकडे येत असला, लांब पल्ल्याची लेन्स असली आणि गाडीतून पाय खाली न टेकवण्याइतकी अक्कल असली, तर मिळतो. अवघड असते ती दुपार. एकुलत्या हिवराच्या सावलीत मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी, धनगर काठीवर हनुवटी टेकून, आणि तासन्‌तास काही म्हणजे काही घडत नाही. आमच्या फिल्मचा विषय खरं तर ही दुपार आहे. पण तसं सांगून कुणी एक रुपया देत नाही.

बारामती तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. नीरेच्या अंगाला बागायत : एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी काढलेला नीरा डावा कालवा, त्यावर पोसलेला ऊस, माळेगाव-सोमेश्वरचे कारखाने. उत्तरेला सुपे, मोरगाव, शिरसुफळ हा जिरायती पट्टा. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन मुरमाड, वर कुसळी आणि तरवड. इंदापूरच्या बाजूला हेच माळ कडबनवाडीपर्यंत जातात, पुढे भिगवणला उजनीचा फुगवटा लागतो. फ्लेमिंगो बघायला पुणेकर तिथवर येतात आणि मधला माळ गाडीच्या काचेतून सोडून देतात. सरकारी नकाशांत अशा गवताळ जमिनी वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच रंगवल्या गेल्या. पडीक म्हटल्यावर काहीतरी सुधारणा करायलाच हवी. मग कुणी चर खणून झाडं लावली, कुणी मुरूम उचलला. पण धाविक, पखुर्डी, खोकड, चिंकारा, लांडगा ही सगळी उघड्या गवतावर जगणारी मंडळी. दाट झाडी वाढवली की त्यांचंच घर मोडतं. चिंकाऱ्यांसाठी सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, ते पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. लांडग्याला एवढी जागा एका रात्रीच्या फेरफटक्यालाही पुरत नाही.

महोत्सवांच्या अर्जात एक रकाना असतो : चित्रित समाज आदिवासी आहे का? इथं पेन अडखळतं. माळावरचे फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. १८७१च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पारधीही होते, १९५२ साली तो शिक्का कागदावरून उठला आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्यांचा पिढीजात शिकारीचा धंदाच बेकायदा ठरला. धनगर मात्र महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात. अनुसूचित जमातीत घ्या, या मागणीसाठी २०१४ साली उपोषण झालं ते याच बारामतीत. आम्ही रकाना कोरा ठेवतो आणि पुढच्या पानावर सविस्तर लिहितो. ते कुणी वाचत असेल असं वाटत नाही.

पैशाचं सांगायचं तर स्वतंत्र फिल्म म्हणजे पदरमोड. लग्नाच्या ऑर्डरी, शाळेचं स्नेहसंमेलन, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाची फिल्म. माळ ज्या उसापुढे हटत गेला, त्याच उसाच्या पैशातून माळाच्या फिल्मची हार्डडिस्क आली. तक्रार नाही, हिशेब सांगितला.

कागदपत्रांचं काम वेगळंच. अभयारण्यात कॅमेरा न्यायचा तर वनखात्याची परवानगी. ड्रोन तर विचारूच नका : एकीकडे अभयारण्य, दुसरीकडे बारामतीचा विमानतळ. शिवाय एकदा मोकळ्या रानात उडवून पाहिला, तर मेंढरं अशी बिथरली की ज्यांच्या वाड्यावर, म्हणजे फिरत्या बिऱ्हाडावर, आम्ही चित्रण करतो त्या धनगर आबांनी काठी वर करून त्या यंत्राला त्याच्या आईबापांसकट शिव्या घातल्या. त्या फार सुंदर रेकॉर्ड झाल्या आहेत.

माझ्याकडे काम आवाजाचं. माळावर वारा थांबत नाही, म्हणून माइकला फरचं टोपडं घालावं लागतं. छातीवर लावलेला छोटा माइक घोंगडी घासली की निकामी होतो, तो पागोट्याच्या घडीत खोचला की बरा चालतो. वाऱ्यापेक्षाही वैताग विमानांचा. बारामतीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, त्यांची एकइंजिनी विमानं तासन्‌तास घिरट्या घालतात. चंडोल वर चढून गायला लागला की हमखास एक विमान येतं. सुरुवातीला आम्ही ते गेल्यावर पुन्हा रेकॉर्ड करायचो. आता आवाज तसाच ठेवतो. विमानही तिथलंच आहे.

आवाजात असो की चित्रात, आजचं काही दिसू नये म्हणून ते काढून टाकायचा मोह प्रत्येक वळणावर असतो. मोबाइल जरा आत ठेवा, ती प्लास्टिकची घागर बाजूला घ्या, मोटरसायकल दिसायला नको. रॉबर्ट फ्लाहर्टीनं 'नानूक ऑफ द नॉर्थ' काढली १९२२ साली. त्या फिल्ममधले लोक तेव्हा बंदूक वापरत होते, त्यानं त्यांना भाल्यानं शिकार करायला लावली. शंभर वर्षं झाली तरी आदिम माणसाच्या हातातला मोबाइल कॅमेऱ्याला खुपतोच. आमच्या वाड्यातला थोरला मुलगा मोटरसायकलवर पुढे जाऊन चारा-पाणी बघून येतो आणि फोनवर सांगतो, मग घोड्यांवर बिऱ्हाड चढतं. दिवाळी झाली की वाडे पश्चिमेकडे निघतात, काही मावळ-मुळशीत थांबतात, काही घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. लेंडीखताचे दाम कधी पैशात, कधी ज्वारीत. लोकरीला आता भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी द्यावी तेवढीही सुटत नाही.

संध्याकाळ मात्र आवाजवाल्याची मेजवानी. दिवसभर कोकरं वाड्यावरच असतात, बायकांच्या नजरेखाली. ऊन कललं की लांबून कळप येताना दिसतो, आणि तो दिसायच्या आधीच कोकरांना कळलेलं असतं. शे-दीडशे मेंढ्या धावत येतात, कोकरं सुटतात आणि एकच कल्लोळ उठतो. हेडफोन लावून नीट ऐकलं की त्या गोंधळात दोन-दोन आवाज जोडीनं चाललेले समजायला लागतात. एक जाड, एक बारीक, एकमेकांना उत्तर देत जवळ येतात आणि गप्प होतात. मेंढी कोकराचं शेपूट हुंगते, पटलं तर पाजते, नाहीतर ढुशी देऊन हाकलते. ज्याची आई गेली आहे त्याला वाड्यावरच्या मावशी बरोबर हेरतात. एखाद्या मेंढीचा मागचा पाय धरून तिला दोन गुडघ्यांत दाबतात आणि कोकरू कासेला लावतात. ती उधळते, मावशी तिच्याशी बोलत राहतात, मेंढी हळूहळू ढिली पडते. हे रोज, प्रत्येक पोरक्या कोकरासाठी. मग वाघर ताणायची : खुंट्यांवर जाळं, आत मेंढरं, बाहेर चार कोपऱ्यांना अंथरुणं आणि कुत्री. चुलीवरची पहिली भाकरी कुत्र्यांना.

लांडगा आला तो भर दुपारी, कळपाच्या कडेला. कॅमेरा वळेपर्यंत संपलं होतं. आमच्याकडे आहे ते एवढंच : सगळी मेंढरं एका दिशेला तोंड करून थिजलेली, कुत्र्यांचा आवाज लांब जाणारा, "लांडगं! लांडगं!" ही आरोळी आणि त्यानंतर धापा टाकत परत आलेल्या पोराचा श्वास. रात्री आबांना विचारलं, राग येत नाही का? "त्याला बी प्वाट हाय की," म्हणाले, "वर्साला चार-दोन त्याची धरूनच चालायचं." आणि मग खरा राग बाहेर आला. "लांडगं एक न्हेतं. गाडीवालं चोर राच्च्याला धा न्हेत्यात. त्यांचं काढा की शूटिंग." भरपाई सरकार देतं, पण पंचनाम्यासाठी मेलेलं जनावर जागेवर ठेवून माणसाची वाट पाहावी लागते. वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायचा असतो.

२०२४ पासून वनखात्यानं कडबनवाडी आणि शिरसुफळला गवताळ सफारी सुरू केली. चांगलंच झालं, निदान माळाला किंमत आहे एवढं तरी कळलं. पण शनिवार-रविवारी गाडीतले पाहुणे आणि मेंढरं एकाच गवतात समोरासमोर येतात, आणि पाहुण्यांच्या फोटोत मेंढरं नको असतात. लांडग्याच्या अंगावर मात्र त्याच मेंढरांचं मांस असतं. त्याच्यापुढे मोठा धोका मोकाट कुत्र्यांचा. पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३च्या संशोधनात जनुकीय तपासणीनं सिद्ध झालं. फिल्ममध्ये लांडग्यांची एकही गुहा, एकही ओढा ओळखू येणार नाही अशी काळजी घेतली आहे. ठिकाण कळलं की पिल्लांच्या बिळाशी गाड्यांची रांग लागते.

या वाटेनं आधी गेलेली माणसं आठवतात. गुंथर सोंथायमर हा जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षं धनगरांबरोबर चालला, त्यांच्या ओव्या टेपवर घेतल्या. हेनिंग स्टेगम्युलरबरोबर त्यानं १९८९ साली 'वारी' ही फिल्म केली. त्यानं ध्वनिमुद्रित केलेल्या दोन दीर्घ कथा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २०१४ मध्ये इंग्रजीत आणल्या. भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' कथापट खरा, पण त्याला मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत एक प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा होता. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्याचं अप्रूप जास्त.

पहिलं कच्चं संकलन आम्ही वाड्यावरच दाखवलं, लॅपटॉपवर, कोकरं पाजून झाल्यावर. लांडग्याच्या दृश्याला कुणी हूं की चूं केलं नाही, तो त्यांनी पुष्कळ पाहिलाय. दुपारच्या लांबच लांब शॉटला मात्र चर्चा पेटली. ती काळी मेंढी कुणाची, ती लंगडी पुढं विकली का, त्या दिवशी पाणी कुठं पाजलं होतं. मावशींनी एवढंच विचारलं की पोरकं कोकरू पाजतानाचं का कापलं? ते लांबवलं आहे आता. पैसे देणाऱ्यांपैकी एकाला तिथं फिल्म रेंगाळते असं वाटतं.

आबांचा आक्षेप वेगळा. बिरोबा देवाच्या नावानं सुंबरान (स्मरण) मांडून त्यांनी तासन्‌तास ओवी गायली होती, फिल्ममध्ये तिची जेमतेम दोन मिनिटं उरली. "आरं, द्येव अजून घराभाईर बी निघाला न्हाई आन् तुमी बंद केलं?" त्यांनी फिल्मची प्रत मागितली नाही. अख्खी ओवी मेमरी कार्डावर भरून मागितली. घोड्यावर सामानाला बांधलेल्या स्पीकरवर वाजवायला. तीन कार्डं दिली. एक त्यांच्या मेव्हण्याच्या वाड्यावर गेलं आहे, आणि तिथून फोन आला होता की मधला पाऊण तास विमानाचाच आवाज येतोय, तेवढं काढून देता का.