एकाच खोलीत बाळ, अभ्यास आणि चूल : बल्ब कोणता घ्यावा?



आरोग्याच्या पानावर बल्बचा विषय कशाला, असे कोणी विचारेल. वस्तीतल्या घराचा विचार करा. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा आणि मधोमध एक होल्डर. त्याच उजेडात भाकरी होते, मुलगी दहावीचा अभ्यास करते, आजी बीपीची गोळी शोधते आणि कोपऱ्यात चार दिवसांचे बाळ झोपलेले असते. बंगल्यात प्रत्येक कामाला वेगळा दिवा असतो. आपल्याकडे एकाच दिव्यावर सगळे भागते, म्हणून तो नीट पारखून घेतला पाहिजे.

बाळाची कावीळ आणि पिवळा उजेड

बऱ्याच बाळांना जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि एक-दोन आठवड्यांत ती आपोआप ओसरते. काही बाळांत मात्र ती वाढत जाते. रक्तातले बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होते, बहिरेपणही येऊ शकते. वेळेवर ओळखले तर हे टाळता येते.

अडचण अशी की पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचीच कातडी पिवळसर दिसते. त्यात बाळाची कावीळ लपून जाते. म्हणून बाळाला रोज एकदा दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहा. कपाळावर किंवा छातीवर बोट हलके दाबून उचला. दाबलेली जागा पिवळी दिसते का ते बघा. आपल्या सावळ्या रंगाच्या बाळांत डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, तळहात आणि तळपाय जरूर पाहा.

पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायापर्यंत उतरला, बाळ सुस्त पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत.

दवाखान्यात बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. त्या ठरावीक प्रकाशाने कातडीतल्या बिलिरुबिनचे रूप बदलते आणि ते शरीराबाहेर पडते. घरची ट्यूब किंवा निळा झिरो बल्ब ते काम करत नाही. बाळाला उन्हात ठेवणे हाही त्यावरचा उपचार नाही. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळ उजेडात आणून दाखवा.

खोक्यावर काय वाचायचे?

दुकानात आपण "नऊ वॅटचा द्या" म्हणतो. वॅट म्हणजे तो किती वीज खातो. उजेड किती देतो ते ल्युमेन या आकड्यावरून कळते. दोन बल्ब सारख्या वॅटचे असतील, तर ज्याचे ल्युमेन जास्त तो घ्यावा. नऊ वॅटचा चांगला एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढा किंवा त्याहून थोडा जास्त उजेड देतो.

दुसरा आकडा रंगाचा, केल्विनमध्ये. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० च्या आसपास म्हणजे मधला पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. स्वयंपाक, अभ्यास आणि औषधपाण्याला मधला किंवा निळसर पांढरा चांगला. झोपण्याआधीचा तास-दोन तास मात्र मंद पिवळसर दिवा बरा. डोळ्यांवर जोरदार निळसर उजेड पडत राहिला की झोप आणणारे मेलाटोनिन कमी तयार होते. मग मुले बारापर्यंत जागी राहतात आणि सकाळी शाळेसाठी उठत नाहीत.

तिसरा आकडा सीआरआय. त्यावरून वस्तूचा खरा रंग किती दिसतो ते कळते. तो ८० किंवा जास्त असावा. गोळीचा रंग, जखमेची लाली, बाळाची कातडी नीट दिसायला तो लागतो.

शेवटी बीआयएसची खूण, त्याखालचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि ऊर्जा बचतीचे तारे पाहा. क्रमांक खरा की खोटा हे मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येते. आठवडे बाजारात ढिगाने मिळणाऱ्या बिनखुणेच्या बल्बला ना हमी ना पावती. दुकानातून घेताना खोक्यावर तारीख घालून घ्या आणि ते खोके जपून ठेवा.

हलक्या बल्बचा आणखी एक दोष म्हणजे लुकलुक. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. बल्बच्या आतले सर्किट हलके असेल तर उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण काहींचे डोके दुखते, डोळे थकतात. दुकानात बल्ब लावून मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा मागा.

हिशेब

साठ वॅटचा जुना बल्ब रोज सहा तास लावला तर महिन्याला १०.८ युनिट जळतात. नऊ वॅटच्या एलईडीला १.६ युनिट लागतात. जुनी ट्यूब चोकसकट सुमारे पन्नास वॅट खाते, म्हणजे ९ युनिट. वीस वॅटची एलईडी पट्टी ३.६ युनिटवर भागवते. झिरो बल्ब नावालाच झिरो आहे. जुना रंगीत झिरो साधारण पंधरा वॅटचा असतो. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट होतात. अर्ध्या वॅटच्या एलईडीला पाव युनिटही लागत नाही.

महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटपर्यंतचा टप्पा स्वस्त आहे, त्यापुढचा बराच महाग. जे घर शंभराच्या काठावर आहे त्याला पाच-दहा युनिटची बचतही बिलात जाणवते. शिवाय जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ती उष्णता नकोच.

विजेवर आपला हक्क

विजेशी मावळचे नाते जुने आहे. लोणावळ्याच्या वळवण आणि शिरवता तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीला जाते. तिथले वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. पाणी आपल्या डोंगरातले, पण गोरगरिबांच्या वाड्यावस्त्यांत पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच होती. तिच्या धुराने खोकला आणि भडक्याने भाजणे हे बायकांच्या वाट्याला आले.

ज्यांच्या निवासस्थानाने आपले तळेगाव ओळखले जाते, ते बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज विकासाचे कामही त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी मांडले की देशाला मुबलक आणि स्वस्त वीज हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही. पुढच्या वर्षी त्यासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. आपल्या घरातली वीज ही कोणाची मेहेरबानी नाही, हे लक्षात असू द्या.

फुटलेली ट्यूब कोणाच्या हाती जाते?

एलईडीमध्ये पारा नसतो. जुन्या ट्यूबमध्ये आणि सीएफएलमध्ये तो असतो. फुटली तर मुलांना बाहेर न्या, दार-खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. नंतर झाडू न मारता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने किंवा ओल्या कागदाने टिपा. सगळे झाकणाच्या बरणीत भरून बंद करा आणि हात साबणाने धुवा.

ही बरणी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ट्यूब आणि सीएफएल हा घातक कचरा आहे, तो वेगळा द्यायचा असतो. घंटागाडीवर आणि कचरा वेचायला कोण असते? बहुतेक आपल्याच समाजातल्या बाया-माणसे. हातमोजे नसतात, काच हाताला लागते, पारा श्वासात जातो. असा कचरा कोणत्या दिवशी आणि कुठे घेणार, हे नगरपरिषदेला महिला मंडळाच्या लेटरहेडवर विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

घरात एवढे करा

खोलीत दोन होल्डर घ्या : एक नऊ ते बारा वॅटचा पांढरा, दुसरा तीन वॅटचा पिवळसर. मुलगी उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून येऊ द्या, म्हणजे वहीवर सावली पडत नाही. बल्ब बदलताना मेन स्विच बंद करा, हात-पाय कोरडे ठेवा. पावसाळ्यात पत्र्याला टेकलेली वायर आणि चिकटपट्टीचे जोड वायरमनकडून काढून घ्या. जमल्यास ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी बसवा, शॉक लागला की ते वीज तोडते.

मावळच्या पावसात वीज जातेच. एक बॅटरीचा एलईडी बल्ब घरात असावा. वंदनेची मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत, पडद्यापासून लांब लावा आणि झोपण्याआधी विझवा. रात्री अंधारात पाय टाकण्याआधी बॅटरी मारून बघा. भाताच्या दिवसांत मण्यार घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते.

सार्वजनिक संडासाच्या वाटेवरचा दिवा बंद असेल तर खांबाचा नंबर लिहून तक्रार द्या आणि पोच घ्या. अंधाराच्या भीतीने संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायकांना लघवीच्या जागी जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. तो त्रास औषधाने तात्पुरता थांबतो, वाटेवर दिवा लागला तर तो परत परत होत नाही. या रविवारी विहारात वंदनेनंतर वस्तीतल्या बंद खांबांची यादी करा आणि सोमवारी पाच जणी मिळून ती देऊन या.