आरसा तो आरसा? मुळीच नाही!

डिचोलीचा बुधवारचा बाजार असो की पेडण्याचा गुरुवारचा, चिंचोळ्या रस्त्यात समोरून बस आली की कधीतरी उजव्या आरशाची काच जातेच. मग ठरलेला सल्ला येतो: "काचवाल्याकडून त्या मापाचा तुकडा कापून घे नि चिकटव. आरसा तो आरसा, पात्रांव!"

हे ऐकून ऐकून कान किटले. गाडीच्या बाहेरच्या आरशाची काच बहुधा बहिर्वक्र असते, भिंतीवरची सपाट. ढोबळ हिशेब करू. काच १५ सेंटिमीटर रुंद, डोळा ८० सेंटिमीटरवर, काचेची वक्रतात्रिज्या १.२ मीटर. अशी काच १० मीटर मागे सुमारे साडेचार मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. तेवढीच सपाट काच जेमतेम दोन मीटरचा. उरलेल्या अडीच मीटरमध्ये बाजूने येणारा स्कूटरवाला असतो. तुकडा अगदी मापात बसला, तरी तो दिसत नाही.

"पण अमेरिकेत चालकाकडची काच सपाटच असते!" असते. पण मागचा किती पट्टा दिसलाच पाहिजे, हेही तिथल्या नियमात लिहिलेलं आहे, आणि आरसा त्या हिशेबाने आखतात.

काच ओळखणं सोपं आहे. हातभर लांब धरा. घरच्या आरशापेक्षा चेहरा लहान दिसला तर ती बहिर्वक्र.

आता किरकोळ गैरसमज.

"काच फुटली की अख्खा आरसा बदलावा लागतो." बऱ्याच मॉडेलांची काच मागच्या प्लेटसकट वेगळी मिळते. फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावा, हातमोजे घाला, प्लास्टिकच्या पट्टीने कडेने हळूच उचका. काच गरम होणारी असेल तर मागच्या दोन वायरी सोडवून नव्या काचेला जोडा. नवी प्लेट मध्यभागी तळव्याने दाबा, 'टक' आवाज येईपर्यंत.

"डावी काच उजवीकडे चालते." चालत नाही, आकार उलटा असतो.

"फेविक्विक आहे ना!" तो कडक होऊन धक्क्याने सुटतो, वर काचेवर पांढरट धूर धरतो.

"आतला आरसा पुरे." मागे चतुर्थीची माटोळी भरलीत की त्यात फक्त माटोळीच दिसते.

थोडक्यात, काच घरी जरूर बदला. मात्र आपल्या मॉडेलची, त्याच बाजूची आणि बहिर्वक्र.