कंपनीनं हात झटकल्यावर

उल्हासनगरच्या कुठल्याही कॅम्पात मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर फोन ठेवला की तक्रारीचे दोनच वर्ग पडतात. डिस्प्ले फुटला, चार्जिंगची पिन ढिली झाली, बॅटरी फुगली की ते हार्डवेअर. फोन लोगोवर अडकतो, सारखा हँग होतो, पॅटर्न आठवत नाही, तर मग ‘सॉफ्टवेअर मारायचं’. दुकानदार केबल जोडतो. सॅमसंग असेल तर ओडिन, मीडियाटेक चिपचा फोन असेल तर एसपी फ्लॅश टूल उघडतो आणि कंपनीचीच मूळ फाइल फोनमध्ये नव्यानं भरून देतो. फोन चालू होतो, पण असतो तितकाच जुना.

याच्या पुढची पायरी म्हणजे कस्टम रॉम. कंपनीनं दिलेली अँड्रॉइडची आवृत्ती पुसून तिच्या जागी स्वयंसेवकांनी बांधलेली, बहुधा अधिक नवी आवृत्ती बसवायची. जुन्या मालाला नवं रूप देणं उल्हासनगरला नवीन नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांसाठी १९४९ साली या वस्तीला शहराचं नाव मिळालं, आणि ‘मेड इन यूएसए’मधलं यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. तरीही कस्टम रॉमचं काम काउंटरवर सहसा होत नाही. त्यात वेळ जातो, हमी देता येत नाही, आणि नवा फोन विकण्यात कमाई जास्त. त्यामुळे हा उद्योग घरोघरच्या हौशी पोरांकडेच राहिला.

फोन जुना का होतो, हे आधी पाहू. गूगल अँड्रॉइडचा मूळ कोड जाहीर करतं. क्वालकॉम किंवा मीडियाटेक आपल्या चिपसाठी त्यात भर घालतात. मग फोनची कंपनी वरून आपला साज चढवते. नवी आवृत्ती आली की ही सगळी साखळी पुन्हा फिरवावी लागते, आणि दहा हजारांच्या फोनसाठी ती वर्षानुवर्षं फिरवण्यात कंपनीला रस नसतो. रेडमी नोट ४ घ्या. जानेवारी २०१७ मध्ये तो भारतात ९,९९९ रुपयांपासून विकायला आला आणि कल्याणच्या पुढच्या लोकलमध्ये हातोहाती दिसू लागला. स्नॅपड्रॅगन ६२५ चिप, ४,१०० एमएएचची बॅटरी. दिवसभर दगा न देणारा फोन. आला तेव्हा त्यात अँड्रॉइड ६ होतं, नंतर ७ मिळालं, आणि तिथेच गाडी थांबली. शाओमीनं वरचा मुलामा बदलत ठेवला, पण आतलं अँड्रॉइड सातच राहिलं. स्वयंसेवकांनी मात्र याच फोनवर अँड्रॉइड ११ आणि त्याच्याही पुढच्या आवृत्त्या चालवून दाखवल्या. चिपमध्ये तेवढा दम होताच.

त्यांना हे करता आलं, त्यामागे एक परवाना आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचं कर्नल असतं आणि ते ‘जीपीएल’ परवान्याखाली येतं. फोन विकणाऱ्या कंपनीनं त्या कर्नलचा कोड मागणाऱ्याला द्यावा, अशी त्याची अट आहे. काही कंपन्या तो वेळेवर देतात, काही रडतखडत देतात. कॅमेरा आणि मोडेमचे तुकडे मात्र बंदच असतात, म्हणून कस्टम रॉम टाकल्यावर सगळ्यात आधी कुरकुरतो तो कॅमेरा.

या चळवळीचा उगम पहिल्या अँड्रॉइड फोनपर्यंत जातो. २००८ साली एचटीसी ड्रीम बाजारात आला आणि स्टीव्ह कोंडिक या अमेरिकन प्रोग्रामरनं त्यासाठी ‘सायनोजेनमॉड’ बांधलं. २००९ मध्ये गूगलनं नोटीस धाडली: आमची जीमेल, अँड्रॉइड मार्केट (आजचं प्ले स्टोअर) ही ॲप्स तुमच्या पुडक्यात घालू नका. तेव्हापासून आजपर्यंत बहुधा रॉम वेगळा उतरवावा लागतो आणि गूगलच्या ॲप्सचं पुडकं वेगळं. पुढे सायनोजेनची कंपनी झाली आणि भारतात तिच्यावरून चक्क कोर्टबाजी झाली. मायक्रोमॅक्सनं ‘यू’ या नव्या ब्रँडसाठी सायनोजेनचे भारतापुरते हक्क घेतले आणि डिसेंबर २०१४ मध्ये ८,९९९ रुपयांचा युरेका जाहीर केला. त्याच महिन्यात सायनोजेनवरच चालणारा वनप्लस वन इथे दाखल झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याची विक्री रोखली आणि आठवडाभरानं ती मनाई उठवली. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनच्या कंपनीनं सेवा गुंडाळल्या. स्वयंसेवकांनी तोच कोड उचलून ‘लिनिएजओएस’ सुरू केलं, ते आजही चालू आहे.

मराठी माणसानं फोनच्या पोटात हात घातला तो मात्र वेगळ्याच कारणानं. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे. मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर ऑपेरा मिनीच्या छुप्या सेटिंगमध्ये शिरून अवघड लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागे. ज्यांचं एवढ्यानं भागत नसे ते फोन रूट करून, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून, तिच्यातला फॉन्टच बदलत. मेन्यूसाठी मराठी हा पर्याय अँड्रॉइडमध्ये आला तो २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीत. म्हणजे लॉलिपॉपच्या आधीच्या फोनला कंपनीनं अपडेट दिलं नसेल, तर त्यावर मराठी मेन्यू आणण्याचा सरळ रस्ता कस्टम रॉम हाच होता. ही उणीव हेरून आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी भारतीय भाषांसाठी अँड्रॉइडवर बेतलेली ‘फर्स्टटच’ ही प्रणाली काढली, २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ वर आली, आणि पुढे ती ‘इंडस ओएस’ झाली.

आता प्रत्यक्ष काम. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ओईएम अनलॉक चालू करायचं आणि संगणकाला जोडून बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम उभी करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप काढायचं. या क्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं. आजीचे फोटो, व्हॉट्सॲपच्या गप्पा, सगळं. शाओमी तर अर्ज केल्यावर अनेकदा १६८ तास, म्हणजे पूर्ण आठवडा थांबवते. त्यानंतर ‘टीडब्ल्यूआरपी’ किंवा लिनिएजची स्वतःची रिकव्हरी, म्हणजे रॉम बसवून देणारा छोटा प्रोग्राम, टाकायची, तिच्यातून रॉम आणि गूगलची ॲप्स चढवायची. काम लॅपटॉपवर करावं. पावसाळ्यात बदलापुरात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि फाइल अर्धी चढलेली असताना डेस्कटॉप बंद पडला तर फोन डेड होऊ शकतो.

घात बहुतेक वेळा चुकीच्या फाइलनं होतो. रेडमी नोट ४ याच नावाचे दोन वेगळे फोन होते: चीनमध्ये आधी आलेला मीडियाटेकचा आणि भारतात विकला गेलेला स्नॅपड्रॅगनचा. भारतीय फोनचं अंतर्गत नाव ‘मिडो’. डब्यावरचं नाव पाहून फाइल उतरवणारा इथे फसतो. अंतर्गत नाव जुळलं तरच पुढे जावं. आणखी एक सापळा उलट्या दिशेचा आहे. कस्टम रॉम आत असताना बूटलोडरला पुन्हा कुलूप लावलं, तर बऱ्याच फोनांची तिथेच वीट होते, म्हणजे फोन सुरूच होत नाही.

एवढं सगळं नीट जमलं तरी काही गोष्टी हातच्या जातात. गूगलची तपासणी कुलूप काढलेला फोन ओळखते, आणि बँकांची बरीचशी ॲप्स त्यावर उघडायला नकार देतात. यूपीआयचं कधी चालतं, कधी अडतं. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो. मूळ फाइल परत टाकली तरी तो जुळत नाही आणि सिक्युअर फोल्डर गेलं ते गेलंच. नेटफ्लिक्स बऱ्याचदा एचडीत दिसत नाही. जिओचं सिम असेल तर सगळ्यात मोठा घोळ. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, तिचे कॉल व्होल्टीवरूनच, म्हणजे फोरजीच्या डेटावरूनच, जातात. रॉममध्ये व्होल्टी चालत नसेल तर नेट चालतं आणि फोन मात्र लागत नाही. हे दोष प्रत्येक रॉमगणिक बदलतात, म्हणून आपल्या मॉडेलच्या रॉमची माहिती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं भाग आहे.

तेव्हा रोजच्या फोनवर हा प्रयोग करू नये, असंच मत द्यावं लागेल. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. एवढ्या प्रवासात तिकिटाच्या ॲपला जीपीएस सापडलं नाही किंवा यूपीआयनं दगा दिला, तर कस्टम रॉमचं सगळं कौतुक विठ्ठलवाडीपर्यंतसुद्धा टिकत नाही. पण कपाटात पडलेला दुसरा फोन? तो जरूर काढावा. गाणी, मुलांचं वाचन, हॉटस्पॉट, दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र बघायला, अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचे फोटो पाठवायला असा फोन मजेत चालतो, आणि रॉम अजून सांभाळला जात असेल तर सुरक्षेचे ताजे पॅचही त्याला मिळतात. बॅटरी फुगली असेल तर ती आधी बदला. फुगलेल्या बॅटरीला कुठलाच रॉम पुरत नाही.

हात घालण्याआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक कागदावर उतरवून ठेवा, आणि रिकव्हरीत सोय असेल तर ‘ईएफएस’ या भागाची प्रत काढा. चुकीच्या फ्लॅशमध्ये हा क्रमांक उडाला तर नेटवर्कच येत नाही. तो ‘दुसरा टाकून देतो’ म्हणणाऱ्या काउंटरवर फोन ठेवू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.