टाकीतलं नायट्रेट उतरेना, कारण ते बोअरमध्येच होतं

आजच्या भागाचा विषय आहे खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं नायट्रेट. बोलतोय राहात्यातून. समुद्र घाटाच्या पलीकडे, आणि माझ्या हॉलमध्ये 200 लिटरची समुद्राची टाकी, दोन क्लाउनफिश आणि थोडे मऊ प्रवाळ. शेजारी विचारतात, "हे मासे खायचे कधी?" असो.

झालं काय, की प्रवाळ उघडेनात. काचेवर शेवाळ धरायला लागलं. किटने तपासलं तर नायट्रेट 100 पीपीएम. दर रविवारी 20 टक्के पाणी बदलत होतो, तरी आकडा तिथेच.

आधी हे नायट्रेट येतं कुठून ते बघू. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं सडलं की अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट फार विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. पण ते टाकीतून आपोआप फारसं जात नाही, साठत राहतं. नुसते मासे असतील तर 20 ते 40 पर्यंत चालतं. प्रवाळ असतील तर 10 च्या खाली ठेवायचं. अगदी शून्यही नको, प्रवाळांनाही थोडं लागतं.

मग मी एक गोष्ट केली, जी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. मीठ न घालता नुसतं बोअरचं पाणी तपासलं. नायट्रेट 50!

आता हिशोब करा. टाकीत 100 आहे आणि 20 टक्के पाणी 50 वालं घातलं, तर उतरून होतं 90. शून्यवालं घातलं असतं तर 80. आणि कितीही वेळा बदललं तरी 50 च्या खाली जाणं शक्यच नाही.

त्यात आपला उन्हाळा. रोज तीन लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी; मीठ आणि नायट्रेट मागेच राहतात. ती तूट मी बोअरच्या पाण्याने भरायचो. म्हणजे रोज 150 मिलिग्रॅम नायट्रेट आत. 200 लिटरला भागा: दिवसाला पाऊण पीपीएम, महिन्याला बावीसच्या वर. माशांना उगाच दोष देत होतो!

उपाय साधे आहेत. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन, म्हणजे पाण्याचा टीडीएस शून्यावर येतो. त्यातच मीठ कालवायचं, तूटही त्यानेच भरायची. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. फिल्टरचा स्पंज दर आठवड्याला धुवायचा, त्यात अडकलेली घाण शेवटी नायट्रेटच होते. प्रोटीन स्किमर असेल तर ती सडण्याआधीच निघते. किटवर 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट-नायट्रोजन' हेही बघा, दोन्हीत जवळपास साडेचार पटीचा फरक असतो. आणि घाई नको. माझा आकडा 20 च्या आसपास यायला तिसरा महिना उजाडला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तेच बोअरचं पाणी आम्ही पितो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा आहे लिटरला 45 मिलिग्रॅम. आमच्याकडे वहिनी चार महिन्यांच्या बाळाला पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवून देत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, मी उकळूनच देते हो." उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ गेली की वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होऊन रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, बाळ निळसर पडतं. आमचं बाळ ठणठणीत आहे, पण त्या दिवशीच पाणी बदललं.

माशांच्या किटवर विसंबून राहिलो नाही, प्रयोगशाळेतही नमुना दिला. आकडा मर्यादेच्या वरच आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं.

आपल्याकडे कालवे, ऊस, पेरूच्या बागा. युरियाची गोणी रिकामी होते ती सगळी पिकातच जाते असं नाही. जास्तीचं पाण्याबरोबर खाली झिरपतं. शेणाचे उकिरडे आणि शोषखड्डे विहिरीला लागून असतील तर तेही. वास नाही, रंग नाही, चवही लागत नाही.

तेव्हा टाकी असो वा नसो, बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. भेटू पुढच्या भागात!