वाऱ्याच्या वेळापत्रकाने

वाळू म्हटली की आपल्याला आठवतो कोकणचा किनारा, नाहीतर राजस्थान. हिमालयाच्या पलीकडे, बर्फाची शिखरं दिसत असताना पायाखाली वाळूच्या टेकड्या असतील हे सहसा मनात येत नाही. पण लडाखमधल्या नुब्रा खोऱ्यात अशा टेकड्या आहेत. लेहहून खार्दुंग ला ही खिंड ओलांडली की साधारण १२० किलोमीटरवर दिस्कित हे गाव लागतं आणि तिथून पुढे हुंदर. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात, श्योक नदीच्या काठाने वाळू पसरलेली आहे. गावांची उंची समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांच्या आसपास.

२०२३ च्या ऑगस्टअखेर मी आणि माझे एक शिक्षक मित्र पाठीवर सॅक घेऊन इथे एक रात्र मुक्कामाला गेलो. सोबत दिस्कितचे एक वाटाडे होते. लडाखीत थोरल्या भावाला 'आचो' म्हणतात, त्याला आदराचा 'ले' जोडायचा. म्हणून आम्हीही त्यांना 'आचो-ले' म्हणू लागलो. चाल फार नव्हती. आपल्याकडे एवढं अंतर माणूस सकाळच्या फेरीत तोडतो. पण वाळू, वारा आणि विरळ हवा या तिघी एकत्र आल्या की दोन मैलांचंही गणित बदलतं. ते गणितच आज सांगायचं आहे.

आधी ही वाळू आली कुठून? हिमनदी म्हणजे बर्फाची एक संथ किसणी. ती सरकताना खालचा खडक घासते, त्याचा चुरा करते. वितळलेलं पाणी तो चुरा श्योकमध्ये आणतं. खोरं रुंद झालं की पाण्याचा जोर कमी होतो आणि गाळ जागोजाग बसतो. पुढे हिवाळ्यात पाणी ओसरतं, पात्र उघडं पडतं आणि सुकतं. पाऊस तिथे नावालाच. लेहला वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. मुंबईत एखाद्या दिवशीच त्याहून जास्त पडून जातो. ओल नाही, गवत नाही, मग वाळूला धरून ठेवणार कोण? वारा ती उचलतो आणि काठावर रचून ठेवतो. म्हणजे बर्फ दळतो, नदी वाहून आणते आणि वारा रास घालतो.

या वाऱ्याला वेळ असते. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. माझं बालपण खाडीकाठच्या गावात गेलं. माझे आजोबा खलाशी होते. त्यांनी भूगोलाचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण पहाटेच्या मतलईवर गलबत बाहेर काढायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत आणायचं हे त्यांना हाताच्या रेषांसारखं पाठ होतं. डोंगरातही तसंच असतं. दिवसा उतार तापतात, त्यांच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालच्या अंगाने वारा खोऱ्यात शिरतो. हे दरीय वारे. रात्री उतार निवतात, थंड जड हवा तळाकडे घरंगळते. हे पर्वतीय वारे. नुब्रात सकाळ बहुधा शांत असते, दुपारी वारा भरात येतो आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर हळूहळू मंदावतो.

म्हणून पहिला नियम असा की चालायचं ते सकाळी. आचो-लेंनी आम्हाला उजाडताच बाहेर काढलं तेव्हा मित्र थोडे कुरकुरले. दुपारी बाराच्या सुमारास वारा समोरून आला आणि त्यांची कुरकुर थांबली.

वाळूवर चालण्याचीही रीत आहे. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची आणि दाबून बसलेली असते. पलीकडची बाजू उभी, ३३-३४ अंशांची. त्याहून जास्त उभी सुटी वाळू राहूच शकत नाही, ती घसरते. तिथे चढायला गेलात तर एक पाऊल वर आणि अर्धं खाली. तेव्हा वाऱ्याच्या बाजूने चढावं, कण्याकण्याने पुढे जावं. वारा सुटला की वाळू आभाळभर उडते असं आपल्याला वाटतं. खरं तर उंच जाते ती धूळ. वाळूचे कण बेडकासारखे उड्या मारत जमिनीलगत धावतात, बहुतेक गुडघ्याच्या खालीच. पडणारा कण दुसऱ्याला उडवतो, दुसरा तिसऱ्याला. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने या उड्यांचा बारकाईने अभ्यास करून १९४१ मध्ये ग्रंथ लिहिला, तो आजही आधार मानला जातो. आपल्यापुरता अर्थ इतकाच की पायात बंद बूट हवेत, पँट मोज्यात खोचलेली हवी आणि धुळीसाठी डोळ्यांना गॉगल, नाकातोंडावर उपरणं हवं.

आता मुक्कामाची जागा. दुपारी आम्ही एका ओढ्यापाशी पोचलो. पाणी जेमतेम घोट्याएवढं. पलीकडे सुंदर सपाट जागा होती आणि मित्रांना तंबू तिथेच हवा होता. आचो-लेंनी मान हलवली. ते म्हणाले, "इथलं पाणी संध्याकाळी येतं." बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो, ते पाणी खाली पोचेपर्यंत दिवस कलतो. अंधार पडला तेव्हा तोच ओढा गुडघ्याला लागेल इतका भरला होता आणि त्याचा आवाज बदलला होता. सकाळी पुन्हा तो घोट्यावर आला. डोंगरातलं पाणी ओलांडायचं ते पहाटे, हा दुसरा नियम.

आम्ही अलीकडेच, गावाच्या कडेला, सीबकथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या आडोशाला तंबू ठोकला. अगदी खोलगट जागा टाळली, कारण रात्री थंड हवा तिथेच साचते. उभ्या उताराच्या पायथ्याशीही राहायचं नाही, वाळू वरून सरकत येते. तंबूच्या मेखा सुट्या वाळूत टिकत नाहीत, दोन झटक्यांत उपटून येतात. त्यावर उपाय सोपा आहे. कापडी पिशव्यांत वाळू भरायची, दोरी त्यांना बांधायची आणि पिशव्या हातभर खोल पुरायच्या. जी वाळू मेख धरत नाही तीच पिशवीत घट्ट बसते. तंबूचं दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवायचं. आणि वारा कितीही असो, स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. आगीचा धोका आहेच, पण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

रात्री नऊच्या सुमारास मित्रांचं डोकं दुखू लागलं. उलटी नव्हती, श्वास ठीक होता, बोलणं स्पष्ट होतं. उंचीवर एरवीचा उपाय एकच असतो, खाली उतरा. पण नुब्राची गोम अशी की लेहला परतायचं तर आधी वर चढावं लागतं. खार्दुंग लाची उंची फलकांवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेली होती; अलीकडच्या मोजणीनुसार ती सुमारे १७,५८० फूट आहे. तरी तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. आजारी माणसाला तिथून न्यायचं म्हणजे दुखणं वाढवून घ्यायचं. त्या क्षणी मला ओढा आठवला. पलीकडे तंबू असता तर दिस्कितच्या दवाखान्याची वाटही सकाळपर्यंत बंद होती. आचो-लेंनी गरम पाणी पाजलं, डोकं उंच ठेवून निजवलं आणि तासातासाला त्यांच्याशी बोलत राहिले. पहाटेपर्यंत दुखणं उतरलं.

हे निभावलं, कारण आम्ही आधी लेहला तीन दिवस काढले होते. लेहची उंची साडेअकरा हजार फूट. तिथे निदान दोन दिवस काही न करता बसावं, शरीराला सवय होऊ द्यावी. औषधं डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावीत. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पाण्याचं म्हणाल तर माणशी दिवसाला तीन-चार लिटर लागतं. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, पण अंगातलं पाणी जातच असतं. ओढ्याचं पाणी गढूळ, ते भांड्यात निवळू द्यायचं, वरचं गाळून उकळायचं. या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू मारायला ते पुरतं, डाळ शिजवायला नाही. आपल्याकडचे पोहे आणि तिथला जवाचा सातू, ज्याला त्साम्पा म्हणतात, हे बरं.

याच वाटेने कधी काफिले जात. लेहहून नुब्रा, पुढे काराकोरम खिंड आणि पलीकडे यारकंद. १९४९ नंतर ती वाट बंद झाली. हुंदरला दिसणारे दोन मदारींचे उंट त्या काफिल्यांचीच आठवण. माझ्या धर्मात नमाजाआधी हातपाय धुवायचे असतात, पण पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले तरी चालतं. त्याला तयम्मुम म्हणतात. माझ्याजवळ ओढा होता, मला ती सवलत लागली नाही. पण यारकंदचे व्यापारी या वाटेवर पाण्याचा एकेक घोट मोजत असतील तेव्हा तिचं मोल त्यांना कळलं असेल.

शेवटचं एक. त्या कोरड्या थंडीत काही लवकर कुजत नाही. संत्र्याची साल, कागद, बाटली, काहीही वाळूत पुरलं तर आज दिसेनासं होतं, पण आज जी वाळू झाकते तिला उद्याचा वारा उचलून नेतो. तेव्हा आणलेलं सगळं परत न्यायचं. आम्ही सकाळी निघालो तेव्हा पुरलेल्या पिशव्या उकरल्या, वाळू तिथेच रिकामी केली आणि घड्या घालून सॅकमध्ये ठेवल्या. लोक विचारतात, तिथे कविता सुचली का? नाही सुचली. मित्रांचा श्वास ऐकण्यात रात्र गेली, आणि तो नीट चालला होता हेच पुष्कळ झालं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)